क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडतो तरी कुठे?

मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलीला घरचे-दारचे हमखास विचारतात, ‘म्हणजे आता तू पेशंट बघणार?’ समुपदेशक म्हणून ती शाळेत, एखाद्या संस्थेत काम करू शकते. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून रुग्ण तपासायचे आणि चाचण्यांच्या अहवालावर सही करायची, तर भारतीय कायद्याला नुसती एम.ए. पुरत नाही. त्यापुढे रुग्णालयात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली घेतलेले प्रशिक्षण लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत नाव लागते. आजवर हे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः दोन वर्षांची एम.फिल. होती. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. तेव्हापासून या क्षेत्रातल्या चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत : आता पुढे कोणती पदवी?

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. सत्तर वर्षांचा इतिहास, अभ्यासक्रम, कायदे आणि इतर देशांचे अनुभव शेजारी-शेजारी ठेवले की दिसते ते असे : खरी टंचाई पदव्यांपेक्षा शिकाऊ माणसाला रुग्णासमोर बसवून त्याचे काम तपासणाऱ्यांची आहे. पदवीला कोणतेही नाव दिले तरी ती टंचाई आपोआप मिटत नाही.

बंगळूर, रांची आणि मग दिल्ली

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे मानसशास्त्र होते, पण ते बहुतांशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होते. कोलकाता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास स्वतंत्र विभाग सुरू झाला. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. मुंबईत आज ‘टिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. अशा केंद्रांत मानसशास्त्रज्ञ कामाला असत, पण रुग्णालयात काम करण्यासाठी त्यांना तयार करणारा अभ्यासक्रम देशात नव्हता.

१९४६ च्या भोर समितीने मानसिक आरोग्यासाठी माणसे तयार करणारी संस्था हवी, असे सांगितले. त्यातून १९५४ साली बंगळूरला तिथल्या म्हैसूर सरकारच्या मनोरुग्णालयालगत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. १९६२ मध्ये रांचीच्या केंद्रीय मनोविकार संस्थेने तसाच अभ्यासक्रम चालू केला. १९७४ मध्ये बंगळूरची संस्था आणि रुग्णालय एकत्र होऊन ‘निम्हान्स’ झाले. सत्तरचे दशक सरता-सरता या पदविकेचे एम.फिल. झाले, तरी तिचा मूळ साचा बदलला नाही. मानसशास्त्राचा पदवीधर वॉर्डात यायचा, मनोविकारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते आणि परिचारिका यांच्या बरोबरीने रुग्ण पाहायचा आणि त्याचे काम वरिष्ठ तपासायचे. या क्षेत्राची व्यावसायिक संघटना, इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स, १९६८ सालची. म्हणजे व्यवसाय उभा राहिला, संघटित झाला, पण कायद्याची ओळख मिळायला आणखी पाव शतक जावे लागले.

ती ओळख आली अपंगत्वाच्या वाटेने. अपंगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांचे शिक्षण आणि नोंदणी यांसाठी १९९२ साली आरसीआय कायदा झाला. मतिमंदत्वाचे मोजमाप हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नेहमीचे काम असल्याने वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ यांच्या यादीत त्यांचेही नाव बसले. मानसशास्त्रज्ञांची स्वतंत्र परिषद नसल्याने हीच त्यांची परिषद झाली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद या कायद्यात आहे. हजार रुपयांच्या दंडाला आज किती जण घाबरतील, हे सांगायला नको.

या वाटेचा परिणाम आजही भोगावा लागतो. आरसीआय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. मानसिक आरोग्याचा कायदा आणि कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाकडे आहे. पदव्या ठरवणारा विद्यापीठ अनुदान आयोग शिक्षण मंत्रालयाखाली. एका छोट्या व्यवसायाचे तीन पालक आहेत आणि तिघांचे वेळापत्रक क्वचितच जुळते.

कायद्याने काय दिले, काय मागितले

७ एप्रिल २०१७ रोजी मंजुरी मिळालेला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करतो. एक तर आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेची या विषयातली मान्यताप्राप्त अर्हता हवी. किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. हवी. त्या एम.फिल.मध्ये देखरेखीखालचे रुग्णालयीन प्रशिक्षण असलेच पाहिजे, असे कायद्याच्या मजकुरातच लिहिले आहे. पदवीच्या नावाइतकेच तिच्या आतल्या अनुभवालाही कायद्याने महत्त्व दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याला कारणही आहे. या कायद्यानुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद झालेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ ठरतो. स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्या रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करताना दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञच असतो, दुसरा असा व्यावसायिक असू शकतो. म्हणजे एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य काही काळ काढून घेण्याच्या निर्णयावर त्याची सही असू शकते. एवढा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, त्याने वॉर्डात दोन वर्षे काढली पाहिजेत ही अपेक्षा जास्त नाही.

याच कायद्याच्या ३१ व्या कलमात सरकारवरही एक जबाबदारी आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिक किती असावेत याचे आंतरराष्ट्रीय निकष दहा वर्षांत गाठण्याचा प्रयत्न सरकारने करायचा आहे. ही दहा वर्षे २०२८ च्या मे महिन्यात पुरी होतात.

अंतर किती आहे, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या नोंदीनुसार भारतात दर लाख लोकांमागे मानसशास्त्रज्ञांचे प्रमाण ०.०७ होते, म्हणजे सुमारे चौदा लाख लोकांमागे एक. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचे आढळले. वेगवेगळ्या विकारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचे प्रमाण साधारण ७० ते ९२ टक्के होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

दोन वर्षांत नेमके काय होते

एम.फिल.ला प्रवेश मिळवणे हेच पहिले दिव्य. एम.ए. किंवा एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के गुण, मग प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. आणि एकेका संस्थेत जागा मोजक्या. आत गेल्यावर अभ्यासक्रम दोन भागांत विभागलेला. पहिल्या वर्षी वर्तनाची मनोसामाजिक बैठक, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, मनोविकारशास्त्र. दुसऱ्या वर्षी वर्तनाची जैविक बैठक, मानसोपचार आणि समुपदेशन, वर्तन-वैद्यक. शिवाय प्रबंध. उपस्थितीची अट ८० टक्क्यांची.

खरे शिक्षण मात्र या यादीच्या बाहेर, बाह्यरुग्ण विभागात आणि वॉर्डात चालते. नवा ट्रेनी सकाळी ओपीडीत बसतो. रुग्णाची आणि सोबत आलेल्या नातेवाइकाची हकीकत घेतो, मनःस्थिती तपासतो, त्याला काय वाटते ते कागदावर उतरवतो आणि वरिष्ठांसमोर केस मांडतो. तिथे प्रश्नांची सरबत्ती होते. झोप कधीपासून कमी झाली? आवाज ऐकू येतात म्हणजे कुणाचे, किती जणांचे, काय बोलतात? बायको सांगते ते आणि रुग्ण सांगतो ते यांत फरक का? जे विचारायचे राहिले ते ट्रेनी परत जाऊन विचारून येतो. पहिल्या वर्षाअखेरी त्याला पाच संपूर्ण मनोनिदान अहवाल सादर करावे लागतात. दुसऱ्या वर्षी पाच रुग्णांच्या मानसोपचारांच्या सविस्तर नोंदी. या दहा वह्यांमागे त्याने पाहिलेल्या कितीतरी रुग्णांचे काम असते.

या सगळ्याचा कणा म्हणजे सुपरव्हिजन. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या आजूबाजूला भूलतज्ज्ञ असतो, परिचारिका असतात, सहायक असतो. चूक झाली तर चार जणांना दिसते. मानसोपचाराच्या खोलीत दोनच माणसे असतात आणि दार बंद असते. आत काय झाले ते रुग्णाला आणि शिकाऊ उपचारकाला ठाऊक. त्यांतला एक त्रासलेला आणि दुसरा अननुभवी. रुग्ण रडू लागल्यावर ट्रेनी घाबरून सल्ला देऊ लागला का? आत्महत्येचा विचार विचारायचा टाळला का? रुग्णाचा राग स्वतःवर ओढवून घेतला का? हे सत्रानंतर तासभर बसून उलगडणारा कुणी नसेल तर तीच चूक पुढच्या शंभर रुग्णांबाबत होत राहते. पुस्तकाने ती सुटत नाही.

म्हणून प्रशिक्षणाची संस्था मोजताना खाटा, ग्रंथालय आणि वर्गखोल्या यांच्या आधी एक आकडा पाहावा : आठवड्याला किती तास, कोण, कुणाचे काम तपासते?

कामतांची आणि मॅलिनची मोजपट्टी

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या हातात जी साधने असतात त्यांतली काही जुनी आणि जवळची साधने आपल्याकडे घडली. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. तीच बिने-कामत चाचणी. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात ए. जे. मॅलिन यांनी वेश्लरची मुलांसाठीची चाचणी भारतीय मुलांसाठी तयार केली. ती १९६९ ची. वाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मापनाचे भारतीय रूपही मॅलिन यांचेच, त्याला ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखतात. मूल स्वतः जेवते का, शर्टाची बटणे लावते का, एकटे दुकानातून सामान आणते का, असे प्रश्न आईवडिलांना विचारून त्याचे सामाजिक वय काढायचे, ही त्याची रीत. बौद्धिक अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही वाइनलँडचा आधार घेतलेला आहे.

हा वारसा अभिमानाचा आहे आणि अडचणीचाही. बुद्धिमापनाचे निकष पिढीगणिक बदलतात. जुन्या निकषांवर तोलले की आजच्या मुलाचे गुण फुगून येण्याची शक्यता असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. गुण फुगले की सीमारेषेवरच्या मुलाचे प्रमाणपत्र हुकते, आणि प्रमाणपत्र हुकले की त्यावर अवलंबून असलेल्या सवलती. चाचणी घेणे चार दिवसांत शिकता येते. पण या मुलाबाबत हा आकडा किती खरा मानायचा, वाइनलँड काय सांगते, शिक्षिका काय सांगते, मूल त्या दिवशी तापाने फणफणले होते का, हे सगळे धरून अहवाल लिहायला अनुभवी नजर लागते. अहवालाच्या शेवटी सही कुणाची, यावर कायदा इतका भर देतो तो यासाठी.

भाषेची गोष्टही इथेच येते. वर्ग, पुस्तके, परीक्षा, प्रबंध सारे इंग्रजीत. रुग्ण मात्र मराठीत, कोकणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत बोलतो. ‘छातीत धडधडतं’, ‘जीव लागत नाही’, ‘डोकं उठलंय’ या तक्रारींतून चिंता, उदासी आणि संताप वेगळे काढणे ही भाषांतराच्या पलीकडची गोष्ट आहे. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मराठीत मानसिक आरोग्याचे बोलणे घरोघरी नेले. ही भाषा तयार आहे. औपचारिक प्रशिक्षणाने ती अजून पुरती आत घेतलेली नाही. मराठीत घेतलेल्या सत्राची नोंद मराठीतच लिहून तिच्यावर सुपरव्हिजन व्हायला हवे, अशी अट घालायला कुणाचीच हरकत असू नये.

पदव्यांची उलथापालथ

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचे ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने ते अमलात आणले. समाजशास्त्र किंवा मराठीच्या एम.फिल.बाबत हा निर्णय समजण्यासारखा होता; तिथे ती पीएच.डी.च्या आधीची एक पायरी होती. पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकारविषयक समाजकार्य या दोन विषयांत एम.फिल. हा व्यवसायाचा परवाना होता. नाव एकच असल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच फटक्यात कापल्या गेल्या. ओरड झाली. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने या दोन विषयांपुरती मुदत २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत वाढवली.

दरम्यान आरसीआयने दुसरी शिडी मांडली. २०२४-२५ पासून चार वर्षांचा बी.एस्सी. ऑनर्स क्लिनिकल सायकॉलॉजी, त्यानंतर एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि वर साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट. त्याआधी एम.ए. नंतरची एक वर्षाची व्यावसायिक पदविका होतीच. ती झालेल्यांची नोंद ‘सहयोगी’ म्हणून होई आणि त्यांनी पूर्ण प्रशिक्षितांच्या देखरेखीखाली काम करणे अपेक्षित होते.

तिसरीकडे २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात मानसशास्त्रज्ञांना प्रथमच आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान मिळाले, मात्र आरसीआयच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून. एकाच विषयाचे विद्यार्थी दोन परिषदांत वाटले गेले. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण नोकरी-घर सांभाळून मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्र शिकणाऱ्या अनेकींचा रस्ता त्याने बंद झाला, याचीही नोंद हवी.

नव्या शिडीत एक गुण नक्की आहे. अठराव्या वर्षी या विषयाकडे वळलेल्या मुलाला आपण कुठे जाणार हे आधीच दिसते. भीतीही तितकीच खरी आहे. बी.एस्सी.चे वर्ग कुठल्याही महाविद्यालयात भरवता येतात. वॉर्ड आणि सुपरव्हायझर तिथे असतीलच असे नाही.

तीन देश, तीन धडे

अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या उपचारांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजी वाढवली. १९४९ च्या बोल्डर परिषदेत ठरले, की हा माणूस संशोधकही असेल आणि उपचारकही. पुढे केवळ उपचारांवर भर देणारी साय.डी. आली, खासगी संस्थांनी ती भराभर वाढवली. विद्यार्थी वाढले, पण पदवीआधी बंधनकारक असलेल्या एक वर्षाच्या इंटर्नशिपच्या जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. परिणामी कितीतरी विद्यार्थी सगळा अभ्यास संपवून इंटर्नशिपसाठी वाट पाहत बसले. २०१२ च्या सुमारास ही टंचाई टोकाला गेली होती. साय.डी.ची शिडी उभारणाऱ्या प्रत्येक देशाने हा इतिहास वाचायला हवा.

ब्रिटनमध्ये २००९ पासून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’सारखी पदनावे कायद्याने संरक्षित आहेत. तीन वर्षांची डॉक्टरेट करणारा प्रशिक्षणार्थी सरकारी आरोग्यसेवेचा पगारी कर्मचारी असतो. सौम्य ते मध्यम त्रासासाठी २००८ पासून तिथे कमी कालावधीत तयार झालेल्या उपचारकांचा वेगळा स्तर उभा केला आहे. त्यांनाही नियमित सुपरव्हिजन आहे. ऑस्ट्रेलियात विद्यापीठातली सहा वर्षे संपवून मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंद झाल्यावर क्लिनिकल क्षेत्राची मान्यता हवी असेल तर मास्टर्स झालेल्याला साधारण दोन वर्षे ‘रजिस्ट्रार’ म्हणून देखरेखीखाली काम करावे लागते. देखरेख करणाऱ्याला त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन मंडळाची मान्यता मिळवावी लागते. उत्तम उपचारक आपोआप उत्तम सुपरव्हायझर होत नाही, हे तिथल्या मंडळाने नियमात उतरवले आहे.

जागा, पैसा आणि वेळ

आपल्याकडे केंद्र सरकारने याचा विचारच केला नाही असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. अकराव्या पंचवार्षिक योजनेत मनुष्यबळ वाढवण्यासाठी उत्कृष्टता केंद्रे आणि पदव्युत्तर विभागांना निधी देण्याची योजना आली. पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था पहिल्या केंद्रांपैकी एक होती. इमारती उभ्या राहिल्या, पदे मंजूर झाली. पण अध्यापकाची जागा भरायला दोन वर्षे लागली तर दोन तुकड्या हुकतात. सुपरव्हायझर सुपरव्हायझरकडूनच तयार होतो, त्यामुळे आजच्या रिक्त जागेचा फटका दहा वर्षांनी बसतो.

पैशाची बाजू सरळ आहे. केंद्रीय संस्थांत ट्रेनीला विद्यावेतन मिळते. अनेक खासगी संस्थांत उलट त्यालाच लाखांत शुल्क भरावे लागते. दिवसभर ओपीडी सांभाळणाऱ्या, अहवाल लिहिणाऱ्या माणसाने कामाचे पैसे स्वतः मोजायचे, ही रचना कोणाला परवडते? ज्यांच्या घरी ते देण्याची ऐपत आहे त्यांना. मग गडचिरोली किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जायला माणूस मिळत नाही याचे आश्चर्य कशाला? जिल्हा पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी जागा असते; तो न मिळाल्यास प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञावर काम चालवण्याची सोय आहे.

मागणी मात्र वाढतेच आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मदतवाहिनी सुरू आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. फोनवर किंवा शाळेत ज्याचा त्रास गंभीर असल्याचे लक्षात येईल त्याला पुढे कुणाकडे तरी पाठवावे लागेल.

गोवा आणि अमरावतीचा दाखला

इतकी टंचाई असताना तज्ज्ञांवरच का अडून राहायचे, हा प्रश्न गोव्याच्या ‘संगथ’ या संस्थेने गांभीर्याने विचारला. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नेटके प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत उपचार दिले. रोजच्या जगण्यात अर्थपूर्ण कृती हळूहळू परत आणायच्या, हे त्या उपचाराचे सूत्र. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे रुग्ण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

यावरून तज्ज्ञ नकोतच असा अर्थ काही जण काढतात. कामाच्या तपशिलात शिरले की उलटे चित्र दिसते. गोव्यातल्या समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित होत. गटात बसून ती ऐकली जात, ठरावीक मोजपट्टीवर त्यांना गुण दिले जात आणि सुरुवातीला हे सारे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाले. दारामागे काय घडते ते ऐकण्याची व्यवस्था, हे या प्रयोगाच्या यशातले मोठे कारण आहे. शिवाय स्किझोफ्रेनिया, मेंदूच्या दुखापतीनंतरची स्मृती, गुंतागुंतीचे आघात, न्यायालयाने मागितलेला अहवाल ही कामे आठ भेटींच्या चौकटीत मावत नाहीत. समुपदेशकांचे जाळे जितके पसरेल तितकी त्यांना शिकवणाऱ्या आणि त्यांनी पाठवलेले अवघड रुग्ण पाहणाऱ्या तज्ज्ञांची गरज वाढेल.

करण्याजोगे

या आढाव्यातून निघणारी कामे मोजकी आहेत. पहिले, संस्थेला मान्यता देताना विद्यार्थिसंख्या सुपरव्हायझरांच्या तासांवर ठरवावी आणि प्रत्येक संस्थेने ते तास जाहीर करावेत. दुसरे, ऑस्ट्रेलियाप्रमाणे सुपरव्हायझरसाठी स्वतंत्र प्रशिक्षण आणि मान्यता असावी. खासगी व्यवसायातल्या अनुभवी नोंदणीकृतांना आठवड्यातले काही तास मानधनावर त्यात ओढता येईल. तिसरे, सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येक ट्रेनीला, पदवी कुठलीही असो, विद्यावेतन मिळावे आणि त्याबदल्यात जिल्हा कार्यक्रमात ठरावीक काळ सेवा घ्यावी. चौथे, एम.ए. किंवा साय.डी.च्या नव्या अभ्यासक्रमात पूर्णवेळ वॉर्डातला काळ जुन्या एम.फिल.पेक्षा कमी नसावा.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये राज्याकडे आहेत. त्यांच्या जोडीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आहेत. प्रशिक्षणासाठी लागणारे रुग्ण, भाषा आणि आजारांचे वैविध्य तिथे रोज ओपीडीच्या रांगेत उभे असते. या चार ठिकाणी सुपरव्हायझरांची मंजूर पदे भरून ट्रेनींना विद्यावेतन द्यायला सुरुवात झाली, तर २०२८ ची मुदत संपेल तेव्हा निकष गाठलेला नसेल. पण शिकवणाऱ्यांची पहिली फळी तरी तयार झालेली असेल. आणि त्या फळीशिवाय पुढची कोणतीही पदवी, तिचे नाव काहीही ठेवा, कागदावरच राहणार आहे.